पावसात शेतातल्या रस्त्यावर हॉर्न कशाला?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. वेळ नसेल तर सोडून द्या.

सकाळी आईला घेऊन गोव्यातल्या नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळात गेले होते. पाऊस धो धो. दर्शन झाल्यावर आई म्हणाली, "इथवर आलोच आहोत तर फेरीबोटीतून दिवाडीला जाऊया गो." देव मूळचा तिथलाच, त्यामुळे तिला ते बेट आपलंच वाटतं. गुडघ्यांमुळे तिचं चालणं जवळजवळ संपलंय. पण गाडीत पुढच्या सीटवर बसवून दुर्बीण हातात दिली की ती दोन-दोन तास हलत नाही.

पलीकडे आतल्या रस्त्याला लागलो. लावणी झालेली शेतं पाण्याने भरलेली, रस्ता तेवढा वर. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद, काच अर्धी खाली, काचेवर घडी घातलेला टॉवेल आणि टॉवेलवर दुर्बीण. एवढ्यात डावीकडच्या गवतातून पाणकोंबडी बाहेर आली. पांढरं तोंड, पांढरी छाती, शेपटी वरखाली, शेपटीखालचा तो विटकरी रंग पावसातही स्पष्ट दिसत होता. मागून चार पिल्लं. पाणकोंबडीची पिल्लं ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगते, काळ्या लोकरीचे गुंडे, आणि पाय अंगाच्या मानाने भलतेच मोठे. आईने माझा दंड घट्ट धरला.

तीन पिल्लं पार झाली. चौथं रस्त्याच्या मधोमध असताना मागून हॉर्न. एकदा नाही, सलग. आमच्या बाजूने जायला भरपूर जागा होती, आम्ही रस्ता अडवलेलाच नव्हता. दहा सेकंद धीर धरवला नाही त्यांना. पाणी उडवत, वेग न कमी करता गाडी गेली. पिल्लू उलट फिरून परत डावीकडच्या गवतात शिरलं, म्हणून वाचलं.

आता तुमच्यातले निम्मे म्हणणार, रेंट-अ-कारवाले टुरिस्ट असतील. नव्हते! पाटी काळी-पिवळी नव्हती, पांढरी होती, आपली गोव्याची जीए. सगळं पर्यटकांच्या माथी मारून झोपायची सवय आपल्याला लागलीय.

आपण थंडीतच पक्षी बघायचे असं धरून चालतो. नोव्हेंबर आला की करमळीच्या तळ्यावर बदकं बघायला गर्दी, लांब लेन्सा, सेल्फी. पावसात कोण फिरकत नाही. अहो, पाहुणे थंडीत येतात, पण घरच्यांचा संसार पावसात असतो! गायबगळ्याचं डोकं नि मान केशरी होते ती आत्ता. वंचक बगळ्याच्या पाठीवर तो गडद लालसर रंग चढतो तो आत्ता. सुगरण नर माडाच्या झावळीला घरटं विणतो, मादीला पसंत पडलं नाही तर अर्धवट टाकून दुसरं घेतो, तेही आत्ताच. तळ्यात कमळपक्ष्याचा नर अंडी उबवत बसलेला असतो आणि मादी दुसऱ्या नराकडे गेलेली असते. (हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं करते.")

आणि या दिवसांत शेत बुडलेलं, बांध निसरडा, तेव्हा कोरडी, उघडी जागा उरते ती रस्त्याची. खेकडे तिथे, बेडूक तिथे, साप तिथे, त्यांच्या मागे पक्षी तिथे. टिटवी पिल्लांना घेऊन डांबरावर उभी राहते ती हौस म्हणून नाही. आपण तिच्या अंगणातून गाडी घालतो आणि वर तिलाच हॉर्न मारतो.

एका ओळखीच्या गृहस्थांनी मागे मला ऐकवलं होतं, गाडीत बसून पक्षी बघणं म्हणजे आळशी लोकांची पिकनिक. पेट्रोल जळतं हे खरं, मान्य. मोलेच्या रानात पायीच फिरावं लागतं हेही मान्य. पण पावसात शेताच्या रस्त्यावर गाडीसारखं लपण नाही. छत्री घेऊन खाली उतरा, शंभर पावलांवरचा बगळासुद्धा उडेल. गाडीत गप्प बसा, खंड्या तुमच्या आरशाच्या उंचीवर तारेवर येऊन बसेल. आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी काय पक्ष्यांचे फोटोच बघायचे उरलेलं आयुष्य?

खरं सांगायचं तर राग येऊन गेला, वाईट वाटत राहिलंय ते आईचं. ती गाडी गेल्यावर ती मला निघू देईना. पाणकोंबडी पलीकडे तिघांना घेऊन ओरडत होती, अलीकडे गवतात एकटं पिल्लू. आईने काच पूर्ण खाली घेतली, साडीचा पदर भिजला, तरी वर करू दिली नाही. काच लावली तर वाफ धरते आणि दिसत नाही, म्हणे. बऱ्याच वेळाने पिल्लू बाहेर आलं, थांबलं, आणि धावत पार झालं. मग ती म्हणाली, "आता चल."

घाई असते लोकांना, कळतं मला. पाव विकणाऱ्या पोदेराला असते, शाळेच्या बसला असते, कुणी आजाऱ्याला नेत असेल. पण रविवारी सकाळी चार जण गाणी लावून निघालेत त्यांना कसली घाई हो?

2022 मध्ये नंदा तळ्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, गोव्यातलं पहिलं. आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या, अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण पाणथळ जागा म्हणजे फक्त पाटी लावलेलं तळं नव्हे. ते भाताचं शेत, ती बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजनं, पाणी अडवायच्या-सोडायच्या मानशीपाशी बसलेला बगळा, सगळी पाणथळच. आणि या रस्त्यांना रुंद करा म्हणून जे दर ग्रामसभेत उठतात त्यांनी एकदा आईसोबत त्या सीटवर बसून बघावं.

तुमच्या पंचायतीत कुणी ओळखीचं असेल तर एवढं करा. जून ते सप्टेंबर, शेतातल्या रस्त्यांवर वेग कमी आणि हॉर्न बंद, असे फलक लावायला सांगा. मी आमच्या पंचायतीला उद्याच अर्ज देतेय, मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. आणि पुढच्या रविवारी आम्ही परत दिवाडीला जाणार आहोत, मागच्या सीटवर दोघांना जागा आहे. दुर्बीण नसली तरी चालेल, आईची मिळेल, ती देते आळीपाळीने.