करार कुठाय? अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलवरून कट्ट्यावर पेटलेला वाद

"निष्ठा संपली रे. पोरं दरवर्षी कॉलेज बदलायला लागली," मकरंद म्हणाला, आणि तिथून दोन तास कुणी कट्ट्यावरून उठलं नाही.

शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर अमेरिकन कॉलेज फुटबॉल येतं ते मकरंदमुळे. त्यानं कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये एमएस केलं. एक लाखाहून जास्त माणसं बसणाऱ्या तिथल्या स्टेडियममध्ये शनिवारचे सामने उभ्यानं पाहिले. आता इथं येऊन फाउंड्री सांभाळतो, पण सामना असला की रात्र जागतो. त्याचं दुःख खरं आहे, हे आधी मान्य करतो. ज्या पोराला तुम्ही पहिल्या वर्षापासून घडताना बघता, तो तिसऱ्या वर्षी समोरच्या संघाच्या जर्सीत दिसला की पोटात तुटतं. पेठेतला पोरगा दुसऱ्या तालमीकडून मैदानात उतरला तर आमच्या आळीत काय होतं, ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

मकरंदनं उदाहरण दिलं निको इयामालेआवाचं. टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू; संघाला प्लेऑफपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या फेऱ्यांपर्यंत नेलेला. एप्रिल २०२५ मध्ये पैशाची बोलणी चालल्याच्या बातम्या आल्या, तो सरावाला आला नाही, कोचनं त्याच्याविना पुढं जायचं ठरवलं आणि थोड्याच दिवसांत तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा झाला. "हे कॉलेज आहे की बाजार?" मकरंद म्हणाला.

संभा उसळला. तो स्वतः तालमीकडून खेळलाय, गुडघा गेला म्हणून थांबलाय. "आणि कोच गेला की तो बाजार न्हवं व्हय? लेन किफिनचं तूच सांगितलंस की. तो कोच असलेलं ओले मिस कॉलेज प्लेऑफला निघालेलं, आणि हा गडी २०२५ च्या नोव्हेंबरअखेर एलएसयू या दुसऱ्या कॉलेजला निघून गेला. त्याला कोण म्हणालं का, वर्षभर बाकावर बस म्हणून?"

या 'वर्षभर बाकावर'चा अर्थ शीतलला कळेना. ती शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, खो-खो आणि ॲथलेटिक्स बघते. मकरंदनं समजावलं. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या मोठ्या खेळात कॉलेज बदललं तर पूर्वी एक अख्खं वर्ष सामने खेळता येत नसत. एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची शिखर संघटना, तिचाच हा नियम. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. जायचंय म्हणून त्यात नाव नोंदवायचं, मग इतर कॉलेजं थेट बोलू शकतात. जुन्या कोचची परवानगी लागत नाही. २०२१ मध्ये सगळ्यांना एकदा न थांबता जायची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोसह काही राज्यांनी दावा लावला, वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायाधीशांनी उरलेल्या बंदीलाही स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पास असलास तर कितीही वेळा जा, असा नियम झाला.

"म्हणजे मकरंद, तुझ्याच ओहायोनं बंदी उठवली," शीतल म्हणाली. मकरंद गप्प.

इथं मी क्वार्टरबॅक कॅम वॉर्डचं नाव काढलं. टेक्सासमधल्या इन्कार्नेट वर्ड या लहानशा विद्यापीठातून त्यानं सुरुवात केली. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि २०२५ ला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवड. जुन्या नियमात त्याच्या चार-पाच वर्षांतली दोनपर्यंत बाकावर जाऊ शकली असती. खेळाडूचं खेळायचं वय केवढं असतं? त्यातलं वर्ष कापणं ही शिक्षा होती. गुन्हा काय, तर चांगली जागा शोधली.

मग विषय पैशावर आला. मकरंदचा मुद्दा असा की पोरांना फुकट शिक्षण मिळतं, राहणं-खाणं मिळतं, आणखी काय पाहिजे. वसंतकाका तोवर ऐकत होते. काका साखर कारखान्यात होते, युनियनचं काम केलेले. त्यांनी विचारलं, "मिळकत किती हाय ते सांगा आधी."

मार्चमधल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा करार २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला झाला. पुढं तो २०३२ पर्यंत वाढवला, त्याचे आणखी ८८० कोटी. टेक्सास ए अँड एमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं, तेव्हा करार मुदतीआधी मोडला म्हणून ७.५ कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलं. काम न करण्याचे. आणि त्याआधी २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर, विजेत्या संघाचा हिरो, काही रात्री उपाशी झोपतो असं पत्रकारांना सांगत होता. त्याच्या नावाची जर्सी दुकानात, आणि त्याच्या खिशात काही नाही. मला यात कुठलीही पवित्र हौशी परंपरा दिसत नाही. एकाचे श्रम, दुसऱ्याची तिजोरी, एवढंच दिसतं.

जुना किल्ला ढासळला तो कोर्टात. यूसीएलएच्या १९९५ च्या विजेत्या बास्केटबॉल संघातल्या एड ओबॅननला व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला, पैसे कुणीच दिले नव्हते. त्यानं २००९ मध्ये दावा केला. २०२१ च्या जूनमध्ये ॲलस्टन खटल्यात सुप्रीम कोर्टानं ९-० नं एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिरातीतून कमवायची मोकळीक झाली. मग कॉलेजच्या धनाढ्य चाहत्यांनी निधी उभे केले आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ पगार सुरू झाला. शेवटी ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली. मागची भरपाई सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत. पुढं प्रत्येक कॉलेजला खेळाडूंना थेट पैसे देता येतील, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरचा ६०० डॉलरवरचा प्रत्येक व्यवहार तपासणीला द्यायचा.

"मग झालं की! मर्यादा आली, तपासणी आली," मकरंद म्हणाला. "आता ट्रान्सफरलाही लगाम घाला."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मर्यादा कुणी ठरवली? करार कुठाय?"

पुढचा अर्धा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मकरंद सांगत होता, एनएफएलमध्येही पगाराची कमाल मर्यादा आहे, ड्राफ्ट आहे, खेळाडू कधी संघ बदलणार याचे नियम आहेत. काका म्हणाले, "आणि तिथं कोर्ट का मोडत नाही?" उत्तर त्यांनीच दिलं. तिथं खेळाडूंची युनियन आहे. मर्यादा मालकांनी आणि युनियननं समोरासमोर बसून सामूहिक करारात लिहिली आहे. अमेरिकेतला मक्तेदारीविरोधी कायदा अशा कराराला सूट देतो. कॉलेजांनी मात्र आपापसात ठरवलं की कुणी एवढ्याहून जास्त द्यायचं नाही, पोरांनी असं जायचं नाही. पोरांच्या बाजूनं सही करणारी संघटनाच नाही. म्हणून एनसीएए नियम करते, खेळाडू कोर्टात जातो, नियम पडतो. हाऊसची तडजोड दाव्यातल्या वकिलांनी केलेली आहे, उद्या दाखल होणाऱ्या नव्या खेळाडूला त्यात मत नव्हतं.

मग युनियन का नाही? कारण खेळाडूला कर्मचारी मानायचंच नाही, हा हट्ट सत्तर वर्षं जुना. कोलोरॅडोत १९५५ मध्ये रे डेनिसन नावाचा कॉलेज खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामगार भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नाकारली, तो कॉलेजचा कर्मचारी नव्हता म्हणून. काकांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कारखान्यात असे अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिलेत.

हट्ट अजून चालू आहे. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये युनियनसाठी १३ विरुद्ध २ असं मतदान केलं. कॉलेजनं बोलणीच नाकारली आणि वर्षअखेर अर्ज मागं घ्यावा लागला. त्याच वर्षी एका संघीय अपील कोर्टानं, काही खेळाडू कर्मचारी ठरू शकतात, असं म्हणून दार किलकिलं ठेवलं. उलट बाजूनं २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेत स्कोअर नावाचं विधेयक आलं: एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण द्या, आणि खेळाडूंना कर्मचारी मानू नका. म्हणजे कराराशिवाय लगाम. माझं मत स्पष्ट आहे. ज्या गोंधळाला मकरंद पोरांची हाव म्हणतो, तो कॉलेजांनी कराराला दिलेल्या नकारातून आलाय. तीन वर्षांचा सही केलेला करार द्या, त्यात जखमेची जबाबदारी घ्या, मुदत लिहा. पोरगा मधेच सोडून गेला तर त्याला बोल लावायचा हक्क मिळेल.

शीतलला हे एवढ्यावर पटलं नाही, आणि तिचा मुद्दा आमच्यापैकी कुणालाच नीट खोडता आला नाही. "तुम्ही सगळे क्वार्टरबॅकबद्दल बोलताय. पोहणाऱ्या मुलीचं काय?" भरपाईचे सुमारे नव्वद टक्के फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला जाणार. मुला-मुलींत भेदभाव नको, हा टायटल नाईन कायदा १९७२ पासून तिथं आहे. काही महिला खेळाडूंनी लगेच अपील केलं आणि भरपाईचं वाटप अडलं. शिवाय तडजोडीनं प्रत्येक संघात किती खेळाडू याची कमाल संख्या ठरवली, फुटबॉलला १०५. मंजुरीआधीच कित्येक कॉलेजांनी शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्यांना घरी पाठवायला सुरुवात केली. विल्कनबाईंनी अंतिम मंजुरी रोखून धरली, तेव्हा कुठं अशा खेळाडूंना संख्येबाहेर ठेवायची तरतूद झाली. ती आधीच्या मुलांपुरती. नव्यांना नाही.

संभा म्हणाला, फुटबॉल कमावतं, म्हणून फुटबॉल घेतं. शीतल म्हणाली, "अमेरिकेची ऑलिम्पिक पदकं याच बाकीच्या खेळांतून येतात. तो खर्च कुणी केला? कॉलेजांनी, फुटबॉलच्या पैशातून. आता तो पैसा आटला तर?" संभाकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. खेळाडूला हक्काचा वाटा द्या म्हणताना त्याची झळ कुठल्या मुलीला लागते, हे बघायलाच हवं.

हा प्रश्न आमच्यासाठी लांबचा नाही. संभाची भाची टेनिस खेळते आणि अमेरिकेत स्कॉलरशिपवर जायचं तिच्या मनात आहे. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळूनच पुढं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर सुवर्ण घेऊन आली. सोमदेव देववर्मननं व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ ला कॉलेजचं एकेरी विजेतेपद घेतलं. वाट मळलेली आहे. पण विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर बाहेरची कमाई सहसा करता येत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी सलग दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, पण तो कॅनडाचा, त्यामुळे सहकाऱ्यांसारख्या जाहिराती त्याला घेता आल्या नाहीत.

भाचीनं मेलमध्ये काय विचारायचं, ते शीतलनं तिथंच संभाच्या फोनवर लिहून दिलं. स्कॉलरशिप एका वर्षाची की चारही वर्षांची? दुखापत झाली तर ती चालू राहील का, उपचाराचा खर्च कोण करेल? टेनिस संघ पुढची चार वर्षं ठेवणार, असं लिहून द्याल का? काकांनी चौथा घातला: कोच बदलला तर हे सगळं नव्या कोचला बंधनकारक आहे का? मकरंद म्हणाला, यातलं एकही उत्तर फोनवर घेऊ नको, लेखीच माग. मग इंग्रजी तपासायला फोन त्यानं स्वतःकडं घेतला.