आतड्यातले जिवाणू फुकटचे भाडेकरू? एका प्रतिक्रियेला उत्तर

आतड्यातले जिवाणू आपल्याला जंतुसंसर्गापासून वाचवतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, जंतुसंसर्गापासून आपल्याला जठरातलं आम्ल, आतड्याचं अस्तर आणि प्रतिकारशक्ती वाचवते, जिवाणू तिथे फुकटचे भाडेकरू आहेत. दोन, ‘चांगल्या जिवाणूं’चं कौतुक म्हणजे प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणू असलेली उत्पादनं, विकणाऱ्यांची जाहिरात. तीन, असं वाचून लोक गरजेची अँटिबायोटिक्सही टाळतील. तिसरा मला सर्वांत गंभीर वाटतो, पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागेल.

आम्लाचं महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. कॉलऱ्याचे जंतू आम्ल मारणाऱ्या सोड्याबरोबर पोटात गेले, तर एरवीपेक्षा कितीतरी कमी जंतूंनी आजार होतो. प्रश्न एवढाच, की जिवाणू काढून घेतले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं तर काय होतं? हे १९५४ सालीच तपासून झालं आहे. उंदरांना साल्मोनेला हा आतड्याचा आजार करणारा जंतू पाजला, तेव्हा निम्म्या उंदरांना संसर्ग व्हायला साधारण १,००,००० जंतू लागत. आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक पाजलं तर १० पेक्षाही कमी पुरले. आम्ल तेच, अस्तर तेच, पांढऱ्या पेशी त्याच. औषधाने उंदरालाच दुबळं केलं असेल, अशी शंका रास्त आहे. पण कोणतंही औषध न देता, जंतुविरहित वातावरणात वाढवलेले प्राणीही असेच सहज बळी पडतात, आणि त्यांच्या आतड्यात नेहमीचे जिवाणू सोडले की बरेचसे सावरतात.

माणसांतला पुरावा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा आहे. अँटिबायोटिक्सनंतर होणारे चिवट, पुन्हा पुन्हा उलटणारे जुलाब बहुतेकदा याचेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांच्या लहान आतड्यात निरोगी दात्याच्या विष्ठेचं द्रावण नळीने सोडलं. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या १३ जणांपैकी ४ बरे झाले.

हे घडतं कसं, तो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. यकृत पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली आम्लं, बनवतं. त्यांतली काही डिफिसिलच्या बीजाणूंना (त्याच्या सुप्त, टणक कवचाच्या रूपाला) अंकुरायला मदत करतात. आतड्यातले मोजकेच जिवाणू, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स, त्यांचं रूपांतर दुसऱ्या प्रकारच्या पित्ताम्लांत करतात आणि ती डिफिसिलची वाढ रोखतात. म्हणजे कच्चा माल शरीराचा, काम जिवाणूंचं. ऑक्सिजनचंही तसंच. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं संयुग तयार करतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते जाळून ऊर्जा मिळवतात आणि त्यात ऑक्सिजन संपवतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन फारसा झिरपत नाही, आणि साल्मोनेलासारख्या जंतूंना पसरणं अवघड जातं. अँटिबायोटिक्सने ब्युटिरेट घटलं की हेच अस्तर ऑक्सिजन आत सोडू लागतं. जंतुविरहित प्राण्यांच्या आतड्यात आयजीए ही प्रतिपिंडंसुद्धा (जंतूंना अडवणारी शरीराची प्रथिनं) फार कमी बनतात. म्हणून ‘शरीर की जिवाणू’ ही तुमची विभागणीच मला पटत नाही.

‘मग निरोगी माणसाला जुलाब होतातच कसे?’ असं तुम्ही विचारलंत. कारण ही तटबंदी अभेद्य नाही. साल्मोनेला मुद्दाम दाह पेटवतो. त्या दाहात टेट्राथायोनेट नावाचं संयुग तयार होतं, ऑक्सिजनऐवजी ते वापरून तो श्वसन करू शकतो, आणि अन्न आंबवण्यावर जगणारे बाकीचे जिवाणू मागे पडतात. विषाणूंच्या बाबतीत चित्र कधी उलटंही असतं: अँटिबायोटिक्स देऊन आतड्यातले जिवाणू घटवलेल्या उंदरांना पोलिओच्या विषाणूचा त्रास कमी झाला. जिवाणू सरसकट आपल्या बाजूचे आहेत, असं माझं म्हणणं नाहीच.

प्रोबायोटिकचं उत्तर छोटं आहे. मी सांगतोय ते शेकडो जातींच्या स्थिरावलेल्या समूहाबद्दल. डबीतल्या दोन-चार जाती म्हणजे तो समूह नव्हे. २०१८ मध्ये जुलाब-उलट्यांच्या लहान मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिकमधले जिवाणू दिल्याने फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, अँटिबायोटिक्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला. याला जाहिरात म्हणणं कठीण आहे.

आता तिसऱ्या आक्षेपातल्या भीतीबद्दल. टायफॉइड, रक्ताची आव, तीव्र कॉलरा यांत अँटिबायोटिक्स हवीतच. तिथे आतड्यातल्या जिवाणूंची काळजी करत बसणं जिवावर बेतू शकतं. लहान मुलांचे साधे पाण्यासारखे जुलाब मात्र बरेचदा विषाणूंचे असतात. तिथे हे औषध विषाणूला काहीच करत नाही आणि राखणदार तेवढे मारतं. गरज असते ती ओआरएस आणि झिंकची. गरजेचा कोर्स घेतल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी वारंवार पातळ जुलाब सुरू झाले, तर डॉक्टरांना आधीच्या औषधाचं नाव जरूर सांगा, आणि तोवर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका.