पुतळ्यात ओळखीचा माणूसच दिसायला हवा का?

सर, तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं असं की पॅरिसच्या कारुझेल बागेतले फ्रेंच शिल्पकार मायोलचे ब्राँझचे पुतळे म्हणजे नुसत्या जाडजूड उघड्या बायका, ना कोणाचं नाव ना चेहऱ्यावर भाव, आणि मुलं खेळतात तिथे हे ठेवायचंच कशाला.

एकच पुतळा घेऊ. हात मागे बांधलेली ती बाई आहे ना, ते ब्लांकीचं स्मारक आहे! फ्रान्सचा क्रांतिकारक, तीसहून जास्त वर्षं तुरुंगात काढलेला, १८८१ मध्ये गेला. दुसऱ्या कोणी कोटातला दाढीवाला म्हातारा उभा केला असता आणि आपण पाटी वाचून पुढे गेलो असतो. मायोलची बाई लांबून नुसती उभी वाटते, पण बाजूला या, एक पाय पुढे पडलाय, मान झटक्यात वळलीय, खांदे ताणलेत आणि मागे गेलं की बांधलेली मनगटं दिसतात, मग कळतं एवढा सगळा जोर कुठे अडकलाय ते. चेहऱ्यावर अजून काय भाव हवेत, सगळं अंगच बोलतंय की! कपडे घातले असते तर हा ताणच झाकला गेला असता. आणि मुलांचं म्हणाल तर ती बघतात आणि खेळायला पळतात, अवघडतो आपण मोठे.

आपल्याकडे पुतळा म्हणजे चौथरा, रेलिंग, जयंतीला हार. त्याला माझा विरोध नाही, पण लोकांच्या मनात काय राहतं ते बघा. ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा १९६५ मध्ये मुंबईच्या फोर्टातून उचलून राणीबागेत गेला, राजा कोण होता ते आज किती जणांना सांगता येईल? एरियाचं नाव मात्र अजून काळा घोडा, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला तोही स्वाराशिवाय!

राहिला तुमचा 'आपले शिल्पकार दिसत नाहीत का' हा प्रश्न. दिसतात हो, आणि त्यांच्यावरही लिहिणार आहे. तुम्ही शिल्पकार करमरकरांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, गेटवेवरून मांडव्याची बोट पकडा आणि अलिबागजवळ सासवण्याला त्यांचं म्युझियम बघा. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा ज्या हातांनी घडवला त्याच हातांची मत्स्यगंधा तिथे आहे. ती कोणाची कोण हे न विचारता जरा वेळ नुसती बघा, मग आपण पुन्हा बोलू.