ऊन लागलं की आधी पाणी टाका, गाडी मग काढा

मागच्या मे महिन्यात आमच्या मामाला फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायच्या जागेवर, ऊन लागलं. ब्रह्मपुरीकडचं जंगल. पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला निघालेला माणूस दुपारी पुडके मोजून देता देता बरळायला लागला. मी सख्खा भाचा, तर मलाच विचारतो, "तू कोनाचा बे?"

मी ड्रमातली बादली उचलली, तर चौघं अंगावर आले. "पानी नोको टाकू, सर्द-गरम होईल!" मग नेहमीचंच. दोन पोरांच्या मधात मोटरसायकलवर बसवला आणि त्या झळांमधून बावीस किलोमीटर नेला. पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. आणि दवाखान्यात पहिलं काय केलं? कपडे काढले, अंगावर पाणी, वर पंखा.

जे फळीवर फुकट होत होतं, त्यासाठी आम्ही पाऊण तास घालवला. मामा वाचला, पण किडनीनं पंधरा दिवस रडवलं.

तिथल्या डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. शरीर आतून ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळला, झोकांड्या खाल्ल्या की तो उष्माघात. मेंदू, यकृत, किडनी, सगळंच भाजायला लागतं. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करायचं. १०८ ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत हात चालू ठेवायचे. "घाम येऊन राहिला म्हणजे ऊन नाही लागलं" हेही खोटं. राबणाऱ्या माणसाला घामासकट लागतं. क्रोसिन देऊन उपयोग नाही, हा तसला ताप नव्हे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी किंवा पन्हं ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. (खिशातल्या कांद्याबद्दल मी बोलत नाही, घरात भांडण होते.)

आपल्या विदर्भातली उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो. ओला दुपट्टा आणि वारा, हाच माणसाचा कूलर. त्याहून भारी म्हणजे ताडपत्री. चौघांनी कोपरे धरायचे, मधात माणूस, गळ्यापर्यंत पाणी, डोकं वर धरलेलं. ताडपत्री प्रत्येक फळीवर असतेच, पुडके झाकायला.

यंदा फळीवरच्या मुनीमजीला म्हटलं, पाण्याचा एक ड्रम यासाठी वेगळा ठेवा. म्हणे, "ठेकेदाराले इचारून सांगतो." सीझन संपत आला, अजून विचारूनच राहिला आहे.