१४८/९४

परवा कपाट आवरताना ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा कागद सापडला. लग्नानंतर चार महिन्यांनी झालेलं ते चेकअप. साखर, हिमोग्लोबिन ठीक. बीपीच्या रकान्यात १४८/९४, खाली पेनने ‘रिपीट’. तेव्हा आईला दाखवला होता. “धावतपळत गेली असशील, या वयात कसलं गं बीपी?” मीही विसरून गेले.

पुढच्या वर्षी दिवस राहिले. बाराव्या आठवड्यात बीपी ११८/७६, मी निर्धास्त. पण गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी आपसूक उतरतं. आधीपासून वाढलेलं असलं तरी नॉर्मल दिसू शकतं. हे मला कळलं ३१व्या आठवड्यात. बीपी १६४/१०६, लघवीत प्रोटीन, डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी विचारलं, “आधी किती असायचं?” नवरा माझ्याकडे बघतोय, मी सासूबाईंकडे. आणि घरी फ्रिजवर सासऱ्यांचं बीपी मशीन! रोज चहाआधी मोजून वहीत लिहितात.

दोन आठवडे कसेबसे काढले, मग सिझर. लेक १ किलो ४०० ग्रॅम. बीपीमुळे वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, बाळ खुरटतं. काचेच्या पेटीत तिची अख्खी मूठ बाबाच्या बोटाच्या पेराएवढी. (आता चार वर्षांची आहे, आणि घर डोक्यावर घेते.) माझं बीपी मात्र बाळंतपणानंतर तीन महिने उलटले तरी उतरलं नाही. म्हणजे ते गरोदरपणाचं नव्हतंच, आधीचंच होतं.

मूल हवंय म्हटलं की फॉलिक अ‍ॅसिड सगळे सांगतात. बीपी मोजून तारखेसह लिहून ठेव, असं मला कुणीच सांगितलं नाही, आणि याचाच मला राग आहे. एका आकड्याने घाबरू नका. पाच मिनिटं शांत बसून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून, वेगवेगळ्या दिवशी मोजा. १४०/९० किंवा वर येत असेल तर आधी डॉक्टर, मग चान्स. बीपीची गोळी चालू असेल तर तेव्हाच सांगा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल गरोदरपणात चालत नाहीत. लॅबेटॅलॉलसारखी गोळी बदलून देतात. मनानेही बंद करू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत २,४०० हून अधिक गरोदर बायकांवरचा अभ्यास आला: बीपी औषधाने १४०/९० च्या खाली ठेवलं तर प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रोटीन वगैरे जाणं, मला झालं तेच) कमी होतो, आणि औषधापायी बाळं खुरटत नाहीत.

नणंदेचं नुकतंच लग्न झालंय. काल तिला मशीनपुढे बसवलं. “वहिनी, अजून कशाचा पत्ता नाही आणि तुझं काय चाललंय?” ११६/७४. सासऱ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवलं.