थ्री-फेज बाराला येते, मग उठायचं कधी?

नमस्कार भाऊ,

रोजच्या छोट्या सवयींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवलं तर ती खुदकन हसली. तिसऱ्यांदा वाचलं ते तिच्या त्या हसण्यामुळे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे शब्द इथे उतरवतो:

"पाचले उठा, कोवळं ऊन घ्या, जेवताना मोबाइल पाहू नका, हे सारे शहरातले चोचले हायेत. आमच्याकडं थ्री-फेज रातच्या बाराले येते. मंग पाचले उठाचं का पाचले झोपाचं, थे सांगा. सोयाबीन चार हजारानं इकलं, तुमचं रुटीन पाळल्यानं भाव वाढते काय? अन् सकाळी तुम्ही जो चहा घेऊन आंगनात बसता, थो चहा कोन मांडते, थे काऊन नाई लिहिलं?"

सोयाबीनच्या भावाचं आधी संपवतो. नाही वाढत. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि माझंही सोयाबीन चार हजाराच्या आसपासच गेलं, तेही ओलावा जास्त आहे म्हणून दोनदा परत वाळवायला लावून. कर्जाचा हप्ता काही वेळेवर उठल्यानं फिटत नाही. ज्याला टेन्शन आहे त्याचीच चूक, तो उशिरा उठतो म्हणून, असा सूर माझ्या लेखातून निघाला असेल तर ती माझ्या लिहिण्याची खोट आहे. भावासाठी भांडायचं ते भांडूच.

थ्री-फेजच्या, म्हणजे शेतातल्या मोटरीला लागणाऱ्या विजेच्या बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर धरलं. "उठायची वेळ ठरवा आणि काही झालं तरी मोडू नका" असं मी लिहिलं, तेव्हा आमच्या फीडरवर, म्हणजे गावाकडे येणाऱ्या विजेच्या लाइनवर, दिवसाच्या विजेचा आठवडा चालू होता. पुढच्याच आठवड्यात रातचं ओलीत आलं आणि मी स्वतः साडेनऊला उठलो. लेख तिथेच राहिला, ठणठणीत!

रातचं ओलीत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणारे पुण्या-मुंबईचेही आहेत. बाराला स्टार्टरचा दिवा लागतो. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलं की दर काही तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. पाइपात उरलेलं पाणी बाहीतून थेट काखेत उतरतं, जानेवारीच्या थंडीत. एका हातात बॅटरी, लक्ष पायाखाली, कारण जनावर कुठे बसलंय सांगता येत नाही. धुऱ्याकडून डुकरांचा आवाज आला की ओरडायचं, नाही आला तरी ओरडायचं. सकाळी घरी यावं तर अंग मोडलेलं आणि डोळे टक्क उघडे. अशा माणसाला "पाचला उठून कोवळं ऊन घ्या" म्हणणं चेष्टाच झाली.

आता मी काय करतो ते सांगतो, तुम्हाला जमेल का ते तुम्ही पाहा. पाळीत काम करणाऱ्यांसाठी झोपेच्या अभ्यासकांनी एक तोड सांगितली आहे: रोजच्या झोपेतले निदान चार तास एकाच वेळचे ठेवायचे, बाकीची झोप पुढेमागे झाली तरी शरीरातलं घड्याळ फार भरकटत नाही. आमच्याकडे वीज बाराला येते, म्हणून माझे ते चार तास आठ ते बारा. दिवसाचा आठवडा असला तर आठला झोपून चारला उठतो. रातचा असला तर बाराला उठून वावरात जातो आणि सकाळी आल्यावर खिडकीला चादर लावून दोन-अडीच तास काढतो. त्यासाठी जेवण सातला उरकावं लागतं. पोरगी म्हणते, आपलं घर कोंबड्यांसंगं झोपते. म्हणू दे.

म्हणजे माझं मूळ वाक्यच बदलायला हवं. उठायची वेळ सोडा, कशानंतर काय येतं तो क्रम धरा. आमच्या गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजून होते. माझे बाबा देवभोळे नव्हते, तरी जायचे. घड्याळ त्यांनी आयुष्यात बांधलं नाही. दिवेलागण झाली, बैल बांधले, हातपाय धुतले की पाय आपोआप तिकडे वळायचे.

जाता जाता एक दुरुस्ती. "२१ दिवसांत सवय लागते" असंही मी ठोकून दिलं होतं. तुमच्या नजरेतून ते सुटलं, पण ते चूकच आहे. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून पसरला. पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. २०१० मध्ये लंडनच्या संशोधकांनी ९६ लोकांवर अभ्यास केला तर सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून थेट २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. ओलितवाल्याच्या कामाचं तेवढंच.

आता मी हे लिहायला का लागलो ते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमची पराटी, म्हणजे कपाशी, खाल्ली. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. त्या उन्हाळ्याच्या तोंडी गाय विकली, वैरण परवडत नव्हती. मला वाटलं, चला, एक काम कमी झालं.

गाय होती तोवर पहाटे ती हंबरायची आणि उठावंच लागायचं, मन असो नसो. पितळेच्या गंजात पहिल्या धारा टण्ण वाजायच्या, मग फेस चढत जाईल तसा आवाज बुजत जायचा. तो बुजला की गंज अर्धा झाला, हे डोळे मिटूनही कळायचं. गाय गेली आणि उठायला कारण उरलं नाही. सहाचे सात झाले, सातचे नऊ. दाढी आठवड्याला. पारावर जाणं सोडलं, कारण कोणी ना कोणी विचारणारच, "किती झाला कापूस?" तीन महिने असे गेले. ते आळसाचे नव्हते, हे मला फार नंतर कळलं.

त्यातून निघालो तो दुसऱ्याच्या गाईमुळे. शेजारच्या काकूंचा हात मोडला, प्लास्टर बसलं, आणि त्यांनी मला महिनाभर धार काढून द्यायला सांगितलं. नाही कसं म्हणणार? केवळ भिडेखातर जात होतो. पहिले आठ दिवस गाईनं लाथा झाडल्या आणि मी मनातल्या मनात काकूंना शिव्या दिल्या. महिन्याच्या शेवटी लक्षात आलं की रात्री झोप लागतेय, भूक लागतेय, आणि काकूंकडून परतताना मी पारावर दहा मिनिटं टेकतोय. मन ताळ्यावर येईल मग कामाला लागू, असं म्हणत मी तीन महिने घालवले होते. इथे काम आधी गळ्यात पडलं आणि मन मागून आलं.

हा माझा एकट्याचा चमत्कार असता तर लिहिला नसता. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ नैराश्याच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा-आठ भेटींत रुग्णांना सुटलेली कामं थोडी थोडी परत धरायला लावली. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा गुण जास्त आला. ही सरकारी दवाखान्यात येणारी साधी माणसं होती, म्हणून 'शहरातले चोचले' हे मला मान्य नाही.

आता चहा. ती मांडते. मांडत होती. माझी 'शांत सकाळ' तिच्या साडेचारच्या सकाळीवर उभी होती: झाडझूड, सडा, पोरीचा डबा, आणि दर तिसऱ्या दिवशी येणाऱ्या नळाखाली गुंडांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, रांग. लेखातलं "सकाळची पंधरा मिनिटं स्वतःसाठी" तिला वाचून दाखवलं होतं तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "पंधरा मिनिटं, पण कोनाची?" तुमची प्रतिक्रिया ऐकून हसली ती म्हणूनच. तिचा दिवस आधीच सवयींनी गच्च भरलेला. तिला आणखी एक सवय सांगणं म्हणजे भरल्या गुंडावर कळशी ठेवणं.

तिनं स्वतःच ठरवलं, दुपारी जेवण झालं की दहा मिनिटं ओट्यावर बसायचं, हातात काही न घेता. पहिल्या दिवशी तूर निवडायला घेतली, कारण रिकामे हात बरे दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं विचारलं, "बरं नाई वाटून राह्यलं का?" तिसऱ्या दिवशी बचत गटाचं रजिस्टर आलं. आता दोन महिने झाले, आठवड्यातून चार दिवस साधतं. आई आता शेजारी येऊन बसते आणि बोलत राहते, त्यामुळे ते दहा मिनिटं किती निवांत असतात, देव जाणे. सकाळचा चहा मी मांडतो. उतू घालतो, पण मांडतो.

आणि जिथे गाय, क्रम, ओटा काहीच पुरत नाही, तिथे सवयींच्या भरवशावर बसू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच माणसांना हाताशी धरून. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे विचारणारं कोणी असलं की आपली माणसं बोलतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. माझ्या त्या तीन महिन्यांत तो असता तर मी लावला असता का? बहुतेक नसता लावला. बायकोनं लावून फोन माझ्या हातात दिला असता.

लेखातलं उठायच्या वेळेचं वाक्य आणि २१ चा आकडा आजच काढले, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. तुमच्याकडे रातची वीज बारालाच येते की मध्ये वेळ बदलते, तेवढं कळवा. आमच्याकडे पुढच्या महिन्यापासून दहाची होणार असं ऐकतोय, तसं झालं तर माझे आठ ते बारा गेले, नवीन काही बसवावं लागेल. आता पावणेआठ झालेत आणि हा आठवडा रातचा आहे, म्हणून इथेच थांबतो.