मोडावर कितला येतीन?

भर दुकानात, होणाऱ्या बायकोच्या देखत, एका अनोळखी माणसानं माझ्या साखरपुड्याच्या अंगठीचं पार दिवाळं काढलं. वर मलाच त्यांच्या पाया पडावं लागलं. राग अजून गेलेला नाही.

हिऱ्याची अंगठी घ्यायची हे आमच्या पुण्याच्या ऑफिसनं ठरवलं होतं. तिथे कुणाचं जमलं की लोक आधी बोट बघतात, मग अभिनंदन करतात. घरी भुसावळला वडील एवढंच म्हणाले, "वजन पाहून घे." म्हणून जळगावचा सराफ बाजार. सोनं घ्यायचं तर जळगावात, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

सेल्समननं हसून बजेट विचारलं. मी सांगितलं. त्यानं हसू तसंच ठेवून समोरचा ट्रे आत सरकवला आणि खालच्या खणातून दुसरा काढला. मग माझी शिकवणी सुरू झाली. हिऱ्याचा रंग डीपासून झेडपर्यंत मोजतात. डी म्हणजे बिनरंगी, झेडकडे जावं तसा पिवळट. मला एच परवडत होता. शुद्धतेत व्हीएस टू, म्हणजे आत अगदी बारीक डाग असलेला. वजन तीस सेंट, म्हणजे मिलिग्रॅममध्ये साठ. ("वजन पाहून घे!") त्यानं दहापट मोठं दाखवणारं भिंग हातात दिलं आणि म्हणाला, "सर, आतला डाग बघा." पैसे मोजून डाग बघायची ही माझी पहिलीच वेळ. काही दिसेना. तरी मी जाणकारासारखी मान हलवली.

"हाई चमकी शे का वं, माय?"

शेजारच्या सोफ्यावर एक आजी आणि आप्पा बसले होते. आजीची पोत तुटली होती, ती गाठायला आत दिली होती, आणि तोवर दोघांना करमणूक हवी होती. आजी माझ्या हिऱ्याकडे बोट दाखवून हिला विचारत होत्या. नाकातली चमकी!

"अंगठी आहे आजी. साखरपुड्याची," मी म्हणालो.

आप्पा चोपड्याचे केळीवाले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. ते सोफ्यावरून उठून सरळ माझ्या शेजारच्या खुर्चीत आले.

"कितलानी?"

सेल्समननं आकडा सांगितला. ऐंशी हजारांच्या वर होता. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"सोनं कितलं शे यामां?"

"तीन ग्रॅम, बाबा. अठरा कॅरेट."

"अठरा? मंग चार आना ते भेसळच शे!"

सेल्समननं समजावलं की बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, त्यात हिरा पक्का बसत नाही. हिशेब मात्र आप्पांचाच बरोबर होता. चोवीसात अठरा म्हणजे सोळापैकी बारा आणेच. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी पुण्यातल्या एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"आनि मोडावर कितला येतीन?" म्हणजे, उद्या अंगठी मोडली तर किती पैसे येतील?

दुकान शांत झालं. सेल्समन म्हणाला, बिल आणि सर्टिफिकेट आणलं तर हिऱ्याची काही टक्के रक्कम परत. घडणावळ आणि जीएसटी धरायचा नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कापसाला भाव न मिळालेल्या शेतकऱ्याकडे पाहावं, तसं.

"भाऊ, मना भाचा सुरतले हिरा घसस. कागदनी पुडीमां येतस. पडना ते सापडाव नही. हाऊ कसाले घेस?"

कसाले, ते मलाही सांगता येईना. 'हिरा म्हणजे कायमचा' ही जाहिरातीची ओळ १९४७ साली डी बिअर्स या हिरे कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी लिहिली, आणि त्या बाईंनी स्वतः जन्मभर लग्न केलं नाही. त्या अविवाहित बाईच्या एका ओळीपायी मी जळगावात हप्ते बांधून घ्यायला बसलो होतो. जगातले बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात. तिथे घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, आमच्या खानदेशातली पोरं मान मोडून बसतात, आणि तोच हिरा खरेदी करताना मला इंग्रजी अक्षरं पाठ करावी लागतात. असो.

सेल्समननं हार मानून लॅबमधला हिरा काढला. तोही कार्बनच, साध्या डोळ्यांना फरक कळत नाही, किंमत मात्र खाणीतल्याच्या पासंगालाही पुरणार नाही. मोदींनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी बायडेनबाईंना साडेसात कॅरेट वजनाचा असाच हिरा दिला होता, हेही त्यानं सांगितलं. माझं तोंड उतरलं. कारखान्यातला हिरा!

"मंग काय व्हयनं?" आप्पा म्हणाले. "टिश्यू कल्चरना, लॅबमधल्या रोपना केया बी केयाच ऱ्हातस. आनि मोडाले गया ते पैसा बी कमी बुडतीन."

मी आशेनं हिच्याकडे पाहिलं. व्हिडिओ कॉलवर ही माझ्याशी वर्तमानपत्रातली मराठी बोलते. इथे ती आप्पांकडे वळून म्हणाली, "माले बी तेच वाटस, आप्पा. राहिलेल्या पैशानं वेढं घेऊ का?"

"घे माय. वेढं चोवीसनं घे."

माझं मत कुणी विचारलं नाही. भिंगसुद्धा एव्हाना आप्पांकडे होतं आणि ते त्यातून आजीच्या गाठून आलेल्या पोतीचे मणी तपासत होते.

बिल झालं. लॅबचा हिरा, वर चोवीस कॅरेटचं वेढं, दोन्हींवर तीन टक्के जीएसटी, आणि निघताना आप्पांच्या पाया पडणं, कारण हिनं डोळ्यांनी खुणावलं. पोत गाठायचे आप्पांचे साठ रुपये झाले. तेही मालकानं घेतले नाहीत. उलट उठून उभं राहत त्यांना दुकानाचं नवं कॅलेंडर दिलं.

मीही एक मागितलं. संपली, म्हणे.